नाव न घेण्याच्या देशात

यंदा मी ऑस्ट्रेलियाला जाऊन आले, कारण नको म्हणणारा माणूस घरात उरला नव्हता. माझी मुलगी मंजू डार्विनला नोकरी करते. ती किती वर्षं बोलावत होती, पण आमचे हे म्हणायचे, "सोलापूरचं ऊन कमी पडतंय व्हय, विमानानं जाऊन वाळवंट बघायला?" गेल्या उन्हाळ्यात हे गेले. मग थांबायचं तरी कुणासाठी?

'हे' म्हणजे माझा नवरा. नाव का लिहीत नाही, असं विचाराल. सवयच नाही हो! अख्ख्या संसारात मी त्यांचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, तेही बायकांनी दारात अडवून धरल्यावर. एरवी 'अहो' नाहीतर 'ऐकलंत का'. हे गेल्यावर पुतणीच्या लग्नात नावं घेणं सुरू झालं. माझ्या अलीकडे बसलेल्या जाऊबाईंनी घेतलं, पलीकडच्या वन्संनी घेतलं, मला मधल्या मधे गाळलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मलाही कळतं. पण ते नाव आता माझ्या तोंडी कधीच येणार नाही, हेही तिथंच कळलं आणि असा संताप आला म्हणून सांगू! जिथं मला कुणी ओळखत नाही तिथं जाऊन ते एकदा मोठ्यानं घ्यायचं, असं ठरवूनच मी भवानी पेठेतल्या घराला कुलूप लावलं.

तुम्ही जाणार असाल तर जून ते ऑगस्टमध्ये जा, तेव्हा तिकडं कोरडे दिवस असतात. आणि विमानतळावर खायचं काही लपवू नका. मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आपणहून पुढं केली. तपासणाऱ्या मुलीनं भाकरी टेबलावर वाजवून बघितली, हसली आणि सगळं परत पिशवीत ठेवलं. आमचे हे असते तर पुढं वर्षभर तिची नक्कल करत बसले असते.

डार्विनहून काकाडूचं राष्ट्रीय उद्यान गाडीनं तीन तासांवर आहे. रस्ता झकास, पण पेट्रोल निघतानाच भरा, वाटेत पंप फार नाहीत. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच वारुळं दिसतात. पाण्याजवळ मगरींच्या पाट्या आहेत, त्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत. उबिर नावाच्या ठिकाणी कातळावर मूळ रहिवाशांनी काढलेली मोठमोठी चित्रं आहेत. माशाच्या पोटातले काटेसुद्धा काढलेत हो! मी बराच वेळ बघत बसले, ऊन चढतंय हेही कळलं नाही.

परतताना एका माहिती केंद्रात शिरलो. भिंतीवर सगळे फोटो उघडे आणि एकावर मात्र कापड टाकलेलं. आमची गाइड तिथल्याच मूळ रहिवाशांपैकी, वयानं माझ्याएवढी. तिला मी विचारलं. ती इंग्रजीत सांगत गेली, मंजू मला मराठीत.

"हा माणूस नुकताच वारला. घरचे हो म्हणेपर्यंत त्याचा फोटो दाखवायचा नाही, नावही घ्यायचं नाही."

"नाव का नाही?"

"माझी आजी सांगायची, नाव घेतलं की गेलेला माणूस मागे वळतो. त्याला सुखानं जाऊ द्यायचं असतं."

"मग वळू दे की मागे!" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

मंजूनं एवढं काही इंग्रजीत सांगितलं नाही. गाइडनं तिला खोदून विचारलं, मग तिनं ह्यांचं सगळं सांगितलं. ती बाई हसली नाही, तिनं माझा हात धरला आणि किती दिवस झाले ते विचारलं. वर्ष होऊन गेलं, असं मंजूनं सांगितलं. "दुःख अजून ओलं आहे," ती म्हणाली. मला तिथंच रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. हे गेले तेव्हाही नव्हतं आलं. सगळे म्हणाले, बाई खंबीर आहे. कसली खंबीर? हे बाजारातून यायचेत, असंच वाटत राहायचं मला.

पुढं विमानानं अॅलिस स्प्रिंग्जला गेलो आणि तिथून बसनं उलुरू या प्रचंड लाल डोंगराकडं. हा रस्ता पाचेक तासांचा आहे. पाणी आणि स्वेटर दोन्ही घ्या, पहाटे कडाक्याची थंडी असते. त्या लाल डोंगरावर चढायला आता बंदी आहे आणि ते योग्यच आहे, त्या लोकांचं ते देवस्थान आहे. पायथ्याच्या वाटेनं फिरा. काही जागी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, तिथं मोबाइल पिशवीत ठेवा.

एका कपारीत पाण्याचं लहानसं डबकं होतं. मंजू मागे राहिली होती, आसपास कुणी नव्हतं. मी ज्यासाठी आले होते ती हीच वेळ. नाव अगदी ओठांवर आलं. पण ती गाइड आठवली. दुसऱ्याच्या घरी जाऊन त्यांचा रिवाज मोडायचा, हे काही बरं नव्हे. मी नाव गिळलं आणि चालायला लागले. मंजूनं विचारलं, "आई, दमलीस का?" मी म्हटलं, "व्हय की, दमले."

सोलापुरात सकाळी पोचले तेव्हा घरभर धूळ. झाडलं, चहा ठेवला. लोक विचारतात, बाई, एवढ्या लांब जाऊन काय मिळालं? जा म्हणते मी, जरूर जा. पण मी तिकडून परत आणली ती त्या गाइडच्या आजीची गोष्ट. गेलेला माणूस मागे वळेल याची त्यांना भीती, मला तेच हवं होतं.

हे सकाळी खिडकीपाशी दाराकडं पाठ करून पेपर वाचत बसायचे. खुर्ची अजून तशीच आहे. चहाचा कप घेऊन मी दारात उभी राहिले. 'अहो' नाही, उखाणा नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नुसती नावानं हाक मारली.

"प्रभाकर!"

आणि वाट बघितली. खालून एक रिक्षा गेली. परत हाक मारली, जरा मोठ्यानं. कुणी वळलं नाही. मग मी दारातच मटकन बसले आणि रडले, शेजारीण धावत येईपर्यंत रडले. लोकांच्या हिशेबानं हे गेल्या उन्हाळ्यात गेले. माझ्यासाठी ते त्या सकाळी गेले.