पाच फुटांची बाई

आज दुपारी सूनबाईनं कांद्याच्या चकत्यांवर व्हिनेगर ओतलं आणि माझा भाजी निवडणारा हात थांबला. त्या आंबट, नाकात चढणाऱ्या वासानं मला थेट धुळ्याच्या आमच्या भाड्याच्या घरातल्या मोरीत नेऊन उभं केलं. खिडकीला काळं कापड, खुंटीला लाल दिवा, खाली फोटो धुण्याच्या औषधाच्या पराती, आणि परातीतल्या कोऱ्या कागदावर हळूहळू उमटत जाणारं एखादं देऊळ. काळा दगड आधी यायचा. खांब यायचे, कोनाडे यायचे, ओळीनं चाललेले हत्ती यायचे. सगळ्यात शेवटी, एका कोपऱ्यात, पांढऱ्या पातळातली मी यायचे. लोकांना म्हणे तारुण्य आठवलं की मोगरा आठवतो. मला मेलं हे औषध आठवतं.

आमचे हे कॉलेजात इतिहास शिकवायचे. साठ-सत्तरच्या त्या वर्षांत खानदेशातल्या पडक्या हेमाडपंती देवळांकडे कुणी ढुंकून बघत नसे. गुरं बांधायची, गोवऱ्या थापायच्या, एवढाच त्यांचा उपयोग. ह्यांनी त्यांच्याकडे बघितलं, जीव लावून बघितलं, हे मी कधी नाकारणार नाही. दगडाला ह्यांच्याइतकं प्रेमानं हात लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दगडालाच, एवढं मात्र म्हणते.

मला बघायला माझ्या माहेरी असोद्याला आले तेव्हा माझ्या आईनं शेव-चिवड्यापासून केळीच्या हलव्यापर्यंत सगळं मांडलं होतं. ह्यांनी ना गाण्याचं विचारलं, ना स्वयंपाकाचं. एकच प्रश्न केला, "उंची किती?" वडिलांना वाटलं, मुलाला उंच मुलगी हवी. मी पाच फुटांना चांगली दोन इंच कमी, हे घरात सगळ्यांना ठाऊक. पण माझे वडील जराही न अडखळता म्हणाले, "पाच फूट. बरोब्बर!" ह्यांचा चेहरा खुलला. "वा, हिशेबाला सोपं," असं काहीसं पुटपुटले. आम्हाला कुणाला त्याचा अर्थ लागला नाही. लग्न झालं. उंबऱ्यावरचं तांदळाचं माप उजव्या पायानं लवंडून मी त्या घरात शिरले, आणि महिन्याभरात मीच माप झाले.

नुसत्या देवळाचा फोटो काढला तर ते केवढं आहे हे कळत नाही. शेजारी माणूस उभं केलं की कळतं. माणूस पाच फुटांचं, तर खांब किती, दार किती, हे घरी बसून मांडता येतं. म्हणून दर रविवारी एस. टी.नं, पुढे बैलगाडीनं, नाहीतर पायी आम्ही जायचो. चोपड्याच्या बाजूला जायचो, शिंदखेड्याकडे जायचो. काळ्या दगडावर ठळक दिसावी म्हणून मी बिनकाठाचं पांढरं पातळ नेसायची. नव्या नवरीनं! आणि तोंड भिंतीकडे करायचं. "चेहरा दिसला की बघणाऱ्याची नजर चेहऱ्यावर जाते, शिल्पावर राहत नाही," असं ह्यांचं शास्त्र होतं. चुकीचं नव्हतं ते. पण कुठल्या बायकोला हे ऐकून बरं वाटेल? उन्हानं तापलेल्या दगडापासून वीतभर अंतरावर, वटवाघळांच्या घाणीत पाय रोवून मी उभी राहायची, आणि मागून आवाज यायचा, "हलू नकोस. थोडी डावीकडे. डोकं सरळ."

शिंदखेड्याकडच्या एका गावात देवळापाशी शेळ्या चारणारी एक म्हातारी कितीतरी वेळ हा प्रकार बघत बसली होती. शेवटी तिला राहवेना.

"भाऊ, हाई पोर भीतकडे तोंड करीसन का बरं उभी शे? काय गुन्हा कया तिनं?"

ह्यांनी कॅमेऱ्यातून डोकंही वर न काढता सांगितलं, "अक्का, ते माप आहे."

"माप?" म्हातारी हसायलाच लागली. "दाणासनं माप ऱ्हास, रे भाऊ. बाईनं कसं माप?" मग माझ्याजवळ आली, माझ्या अंगावरचं पांढरं पातळ बघितलं, गळ्यातलं मंगळसूत्र बघितलं, आणि हळूच म्हणाली, "इकडे तोंड कर व माय, दखू त दे."

मी वळले. तेवढ्यात हे ओरडले, "अगं, हललीस! फोटो गेला ना!" त्या काळात फिल्मचे रोल सहज मिळत नसत, मुंबईहून कुणी येणार असलं तर आणायचे. त्यामुळे वाया गेलेल्या त्या फोटोचं दुःख आमच्या घरात आठवडाभर चाललं. माझा चेहरा आला असेल तर त्याच एका फोटोत. तो ह्यांनी कागदावर उतरवलाच नाही.

पुढे वडिलांनी अंथरूण धरलं. मी तेव्हा बाळंतपणाला टेकलेली, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. भाऊ धुळ्याला आला तो वडिलांचा निरोप घेऊन. "आबा म्हणतात, तुहा एक फोटू धाड. तोंड दिसलं पाह्यजे बरं." ज्या घरात कॅमेरा, त्या घरातल्या लेकीचा एक फोटो वडिलांकडे नव्हता. मी ह्यांना म्हटलं, अहो, एकच काढा. रोलमध्ये एक फोटो शिल्लक होता. हे म्हणाले, "देवळाच्या दाराची चौकट राहिली आहे, रविवारी तेवढी होऊ दे. नवा रोल आला की पहिला तुझा." भाऊ रिकाम्या हातानं परत गेला. त्या रविवारी ह्यांनी एका विद्यार्थ्याच्या हाती पाच फुटांची काठी देऊन चौकटीचा फोटो काढला. म्हणजे काठीनंही भागत होतं, हे मला तेव्हा कळलं. नवा रोल आला त्याच्या आधीच वडील गेले. इतकी वर्षं झाली. मी ह्यांना क्षमा केली नाही. करायचीही नाही.

यथावकाश पुस्तक निघालं. मोठं नाव झालं. पानोपानी माझी पाठ आहे. कुठे डोक्यावर पदर, कुठे खांद्यावरून वेणी, आणि खाली बारीक अक्षरात छापलंय, "प्रमाणासाठी मानवी आकृती, उंची पाच फूट." आभारांत गावोगावचे सरपंच आहेत, पुजारी आहेत, बैलगाडीवालाही आहे. मी नाही. मापाचे आभार कोण मानतं?

हे जाऊनही आता बरीच वर्षं झाली. अधूनमधून कुणी अभ्यासक घरी येतात, ह्यांच्या कपाटाला नमस्कार करतात. मागच्या पावसाळ्यात एक मुलगी आली होती. त्याच देवळांवर काम करत होती, प्रत्येक खांबाला टेप लावून आली होती. चहा घेता घेता जरा अवघडून म्हणाली, "आजी, राग मानू नका, पण सरांची मापं सगळीकडे थोडी जास्त भरतात. जवळजवळ प्रत्येक खांब, प्रत्येक दार. कॅमेऱ्याच्या भिंगाचा दोष असेल का हो?"

"असेल बाई, भिंगाचाच असेल," मी म्हटलं आणि तिच्या बशीत आणखी एक शंकरपाळा ठेवला.

ती गेल्यावर मी पुस्तक काढून बसले. वाटलं, एकाच घरात उभं आयुष्य काढलं, शेकडो वेळा मला त्या भिंगातून पाहिलं, आणि बायको पाच फुटांना दोन इंच कमी आहे हे ह्या माणसाच्या कधी लक्षात आलं नाही. मग एकेका पानावरून बोट फिरवत गेले. खानदेशातलं एकूण एक देऊळ ह्या पुस्तकात खऱ्यापेक्षा थोडं उंच उभं आहे. माझ्या वडिलांनी मला दिलेले ते दोन इंच. सगळ्या पुस्तकात माझं म्हणून तेवढंच आहे, आणि ते मी कुणाला खोडू देणार नाही.