मावसभावाच्या होडीची केबल

माझ्या मावसभावाला पोहता येत नाही. बांद्याला त्याचं पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे, घरी भात आणि काजू. देवबागला आमच्याकडे आला की खाडीत गुडघ्याच्या वर पाणी लागताच तो मागे फिरतो. मी मच्छीमाराच्या घरातला, बोटींची इंजिनं दुरुस्त करून पोट भरणारा. तरी रिमोटवर चालणाऱ्या होड्यांत तो माझ्या पुढे गेला, आणि ते मला पचलं नाही.

हा छंद त्याला मीच लावला. पर्यटकांच्या बोटींना ठिगळं मारून उरलेल्या फायबरच्या मी हातभर लांबीच्या दोन होड्या काढल्या, एकाच साच्यातून. एक माझी, एक त्याची. मोटारी सारख्या, बॅटऱ्याही सारख्या. मी मोठ्या बोटीत बघितलं होतं तसंच माझ्या होडीत केलं: सरळ सळईचा शाफ्ट, मोटारीपासून मागे तिरका उतरणारा, टोकाला पंखा. शाफ्ट तिरका म्हणून पंख्याचा जोरही तिरका लागायचा. होडी नाक आपटत धावायची आणि आत सतत कडकड वाजायचं. तरी ती धावत होती, आणि मी खूश होतो.

महिनाभराने तो आपली होडी घेऊन आला. त्याने सळई वापरलीच नव्हती. तिच्या जागी केबल होती, बारीक पोलादी तारांना पीळ देऊन केलेली, जुन्या स्कूटरच्या मीटरला असायची तशी. वाकवलेल्या पितळी नळीतून ती मागे गेली होती. त्यामुळे मोटार तळाला सपाट बसली होती आणि पंख्याचा जोर पाण्याला समांतर लागत होता. होडी सोडली तेव्हा ती पाण्याला जेमतेम शिवत गेली. कडकड नाही, नुसती एक बारीक शीळ.

बाबा मागच्या पडवीत जाळं शिवत बसले होते. माझ्या जुन्या-नव्या होड्या दोन वर्षं त्यांच्यासमोर धावत होत्या, पण त्यांनी कधी मान वर केली नव्हती. आता ते जाळं बाजूला ठेवून काठापर्यंत आले.

"पाण्यार कशी बसलीहा बघ!" ते मला म्हणाले. मग त्याच्याकडे बोट दाखवून, "ह्याका पाणी कळता."

जो पाण्याला भितो त्याला पाणी कळतं! मी हसलो, पण तोंड कडू झालं होतं.

शेजाऱ्यांना दाखवायची म्हणून बाबांनी होडी आठवडाभर ठेवून घेतली. निघताना मावसभाऊ मला म्हणाला, "केबल भायर काढून पुस आणि ग्रीस लाव हां. खारा पाणी आसा."

"लावतंय," मी म्हटलं.

दोन मिनिटांचं काम. माझे हात दिवसभर ग्रीसमध्येच असतात. ती होडी माझ्या कामाच्या फळीवर, ग्रीसच्या डब्याच्या शेजारीच ठेवलेली होती. रोज सकाळी मी तिच्याकडे बघायचो, आणि पाना उचलून दुसऱ्या कामाला लागायचो.

पुढच्या आठवड्यात तो आला. बाबांनी शेजारच्या दोघांना बोलावलं होतं. होडी सुसाट निघाली, खाडीच्या मध्यावर तिची शीळ एकदम चढली आणि ती जागीच थांबली. मी वल्हवत जाऊन तिला आणली. मागे पंखा नव्हता. केबल आत तुटली होती, आणि शेपटाकडचा तुकडा पंख्यासकट निसटून पाण्यात गेला होता.

मावसभावाने उरलेली केबल ओढून काढली. ती लाल झाली होती. तरी तो म्हणाला, "माझाच चुकला. पीळ उलटो बसलो आसतलो. मोटार फिरता तसो तो आवळाक होयो, हयसर सुटलो."

बाबांनी तो तुकडा घेतला, दोन बोटांत चोळला. बोटांना गंज लागला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हेका ग्रीस खंय आसा?"

"मी लावूक नाय," मी म्हटलं.

"इसारलंस?" मावसभावाने विचारलं. त्याने मला सुटायला वाट करून दिली होती.

"नाय. इसराक नाय."

त्याने होडी टॉवेलात गुंडाळून स्कूटरला बांधली आणि चहासुद्धा न घेता तो गेला. बाबा पुन्हा जाळ्याकडे वळले.

तीन आठवडे तो फिरकला नाही. रोज सुकतीला, पाणी उतरलं की मी खाडीत उतरून पायाने चिखल चाचपायचो. पाचव्या दिवशी पंखा सापडला. नवी केबल मागवली, आणि ती आल्यावर दोन्ही घेऊन बांद्याला गेलो. तो एका मोटारीत तांब्याची तार भरत होता. पंखा हातात घेऊन त्याने उजेडात फिरवून बघितला.

"माझो इतको राग कित्याक इलो तुका?"

"बाबांनी माझी होडी कधी उठान बघूक नाय."

पंखा बाजूला ठेवून तो उठला. मग आपली होडी काढून नवी केबल नळीत सरकवायला लागला. "हय बघ," तो म्हणाला, "जोर इलो की केबल आवळता, आखूड होता. म्हणान मागे इतकी जागा सोडूची. नायतर घासान जळतली." त्याने नखाने ती जागा दाखवली. मी वाकून बघितली.

आता माझ्याही होडीत केबल आहे. त्याची अजून पुढे जाते, आणि मला अजून टोचतं. बाबा उठून दोन्ही बघतात, कोणती बरी ते सांगत नाहीत. मावसभाऊ पूर्वीसारखा येतो, जेवतो, हसतो. कधी होडी आमच्याकडे ठेवूनही जातो. फक्त निघण्याआधी केबल ओढून काढतो, पुसतो, फडक्यात गुंडाळतो आणि स्वतःच्या खिशात घालून नेतो.