कंडक्टर मामीचं सर्वोच्च न्यायालय

माझी मामी बसमध्ये कंडक्टर होती. तिकिटाची यंत्रं आली आणि मामी घरी बसली. घरी बसणं तिला मानवेना आणि तिचं घरी बसणं आम्हाला झेपेना. उठल्यासुटल्या प्रत्येकाला "कुठं निघालास?" ही चौकशी. त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाची इमारत लोकांना आतून दाखवायला माणसं हवीत असं कळल्यावर तिचा अर्ज मामाने स्वतः भरला. ती महिनाभराच्या बोलीवर लागली. महिना संपताना तिथल्या ग्रंथपालबाई तिच्याबरोबर एक फेरी फिरणार आणि नोकरी पक्की करायची की नाही ते ठरवणार.

न्यायालयाबद्दल मामीला तोवर एवढंच ठाऊक होतं, की तिथे पायऱ्या फार आहेत. काय बोलायचं ते तिला छापून दिलं होतं. ते तिने घडाघडा पाठ केलं आणि मग आमचं डोकं खायला सुरुवात केली. सुरुवातीला हे न्यायालय म्हणे धान्यबाजाराच्या माडीवर भरायचं. खाली पोती उतरायला लागली की न्यायमूर्ती हात वर करून वकिलाला थांबवायचे. हे ती अशा थाटात सांगायची, जणू पोती तिनेच मोजून घेतली होती. पण तिचं घोडं एका ठिकाणी अडलं.

"अगं, ह्यांच्याकडे सैन्य नाही, तिजोरी नाही. संसदेनं केलेला कायदा हे रद्द करतात आणि सरकार गप ऐकतं. का ऐकतं?"

"ऐकावंच लागतं," मी म्हणाले.

"'पुढे सरका' हेही ऐकावंच लागतं. कोण ऐकतं?"

मामा चप्पल घालून बाहेरच निघून गेला.

मग ती जेवणाच्या सुट्टीत ग्रंथालयात जाऊन जुने निकाल वाचू लागली. एका संध्याकाळी घरी आली ती पिशवीही खाली न ठेवता खुर्चीत बसली.

"मी कंडक्टर कशी झाले, माहितीये?"

"मामाशी पैज लावून." आमच्या घरात हीच गोष्ट सांगितली जायची.

"छे. ह्या कोर्टामुळे."

बायकांना बसवर कामाला घ्यायचं नाही, असा पूर्वी नियम होता. एका बाईने त्याविरुद्ध दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे ती हरली. हे काम बायकांच्या प्रकृतीला सोसणारं नाही, असं न्यायमूर्तींनी लिहिलं. बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या एकीने तोच प्रश्न पुन्हा नेला आणि त्याच न्यायालयाने, त्याच दालनात, आपला आधीचा निकाल चुकला होता असं सांगितलं. त्यानंतर लगेचच मामी कामाला लागली होती.

"मला आपलं वाटायचं, मी चुणचुणीत म्हणून घेतलं," ती म्हणाली. तिला हसू येत होतं आणि रागही. मला मात्र तिची एकदम माया आली.

छापील माहितीत फक्त दुसरा निकाल होता, तोही मोठ्या अभिमानाने. पहिल्याचा पत्ताच नव्हता.

"छापलंय तेवढंच बोल," मामाने बजावलं. "आधी नोकरी पक्की होऊ दे, मग काय दिवे लावायचे ते लाव."

परीक्षेच्या फेरीला मीही घोळक्यात होते. मामीने सवयीने "पुढे सरका, मध्ये जागा आहे!" अशी सुरुवात केली. सगळे हसले, ग्रंथपालबाई सोडून. मुख्य दालनात पोचल्यावर एका आजोबांनी विचारलं, "एवढी सत्ता ह्यांच्या हातात. हेच चुकले तर?"

मामीने एकदा ग्रंथपालबाईंकडे पाहिलं.

"चुकलेत की. इथंच," ती म्हणाली आणि तिने दोन्ही निकाल सांगून टाकले. स्वतःच्या नोकरीसकट. "आपण चुकलो असं हे लिहून ठेवतात, म्हणून लोक ह्यांचं ऐकत असतील का? मला अजून नीट कळलेलं नाही."

"मग त्या पहिल्या बाईंना मिळाली का नोकरी?" घोळक्यातल्या एका बाईने विचारलं.

"नाही. निकाल फिरला तोवर त्यांचं नोकरीचं वय उलटून गेलं होतं. त्यांना काहीच मिळालं नाही." मामी त्या बाईकडे वळली. "त्या भांडल्या, आणि मिळालं ते मला."

ग्रंथपालबाई पुढे आल्या. आता मामीची रवानगी, असं मी धरूनच चालले होते.

"त्या पहिल्या बाई निकालाच्या दिवशी कुठं बसल्या होत्या, माहितीये तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. तेवढं कुठं सापडलं नाही."

ग्रंथपालबाई दालनाच्या पार मागे, दाराला लागून असलेल्या बाकापाशी गेल्या. "तेव्हा बायकांना इथंच बसवायचे. इथून न्यायमूर्तींचं बोलणं धड ऐकूही येत नाही." त्यांनी बाकावरची माहितीपत्रकांची चळत उचलून खाली ठेवली. "उद्यापासून लोकांना आधी इथं बसवत जा."