भंडारा ते पवनी, डाव्या बाजूने

भंडाऱ्याहून पवनीला कसं जायचं, असं मागच्या पोस्टखाली तिघाचौघांनी विचारलंय. सोपं आहे. भंडारा, पहेला, अड्याळ, पवनी. एसटी मिळते, स्वतःची गाडी असेल तर उत्तम. हिवाळ्यात जा. धान कापून झालेलं असतं आणि रस्त्याकडेला ढिवरणी, म्हणजे आमच्याकडच्या कोळणी, उकडलेले शिंगाडे घेऊन बसतात. पवनीत टेकडीवर स्तूपाचे अवशेष आहेत, जुना परकोट आहे, वैनगंगेचा घाट आहे. मी या रस्त्याने पहिल्यांदा स्वतः गाडी चालवत गेले तेव्हा यातलं काही म्हणजे काही पाहिलं नाही. एक तर मी भयंकर चिडलेली होते, आणि दुसरं म्हणजे मला गाडी थांबवता येत नव्हती.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. दिवाळीची सुट्टी संपता संपता माझ्या नेमणुकीचा हुकूम आला. शाळा पवनीच्या पुढे, एका बोडीच्या पाळीवर. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव, पाळ म्हणजे त्याचा बांध. सोमवारी शाळा सुटायच्या आत हजर व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द. माझ्या बाबांनी स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन मला शिकवलं होतं. ते काय हुकूम फ्रेम करून भिंतीवर लावायला?

त्या काळी नवऱ्याचं नाव घेत नसत. आता घेते. रामदास. एका सरकारी खात्यात जीप चालवायचा आणि जिल्ह्यात आपल्यासारखा ड्रायव्हर नाही असं त्याचं पक्कं मत होतं. मी म्हटलं, पवनीला मावशीकडे राहीन, तिथून मोटारसायकलने शाळेत जाईन, शनिवारी घरी येईन.

"चालवन कोण? तू?" तो एवढा हसला की सासूबाई आतून बघायला आल्या. "सोडून दे नोकरी. काय कमी आहे तुले घरी?"

मोटारसायकल माझ्या पाटल्या मोडून घेतली होती, हे तेव्हा कुणालाच आठवलं नाही. मी आठवण करून दिली. मग तो म्हणाला, "चाल, दाखवतोच तुले, किती दूर आहे ते."

सोमवारी सकाळी निघालो. निघालो म्हणजे काय, आधी गॅरेजवर गेलो. हाताच्या ब्रेकची तार तुटली होती. मिस्त्री म्हणाला, थांबा, बसवून देतो. रामदास म्हणाला, राहू दे, जीपवाल्याला पायाचा ब्रेक पुरतो. मग नेमणुकीचा दिवस आहे हे माहीत असूनही मिस्त्रीशी गप्पा मारत बसला. मिस्त्रीने दुसऱ्या कुणाच्या गाडीचा गिअरबॉक्स उघडून ठेवला होता. मी वाकून पाहू लागले, तर तो रामदासला म्हणतो, "भाऊ, वहिनीले दूर सरकवा, साडीले ऑइल लागन."

लागायचं तर लागू दे. मी पाहिलंच. आत लाटण्यासारखा एक रूळ, त्यावर नागमोडी खाचा. खाचांत अडकवलेले दोन-तीन लोखंडी चिमटे. बाहेरची दांडी दाबली की रूळ एकच घर फिरतो, खाचेतून चिमटे सरकतात आणि ज्याची पाळी असेल तो गिअर पडतो. एका दाबात एक घर. पहिल्यावरून तिसऱ्यावर उडी नाही, चौथ्यावरून थेट पहिल्यावर येणं नाही. जीपमध्ये तुम्ही दांडा हवा तिकडे ढकलू शकता, इथे एकेक पायरी चढायची आणि एकेक पायरीच उतरायची.

हे कळायला मला गॅरेजची गरज नव्हती म्हणा. साडीतली बाई मोटारसायकलवर एका अंगाने, डावीकडे पाय सोडून बसते. आमच्या गाडीची गिअरची दांडी डावीकडेच. दोन वर्षं मी रामदासचा डावा पाय पाहत आले होते, दुसरं करते काय? बोटांनी दाबलं की एक खाली, टाचेने दाबलं की एक वर. पहिला सगळ्यात खाली. पहिल्याच्या जरासा वर, अर्ध्या दाबात, न्यूट्रल. आवाज जड झाला की खालचा गिअर मागतो, आवाज ओरडायला लागला की वरचा. माझ्या अंगठ्याला आपोआप सवय लागली होती, मी मागे बसून चपलेतल्या चपलेत गिअर टाकत असे.

पहेल्याला तो चहाला थांबला. निघाल्यावर थोड्या अंतराने शिंगाड्यांसाठी थांबला. अड्याळला म्हणाला, आलुबोंडा खाऊ. अड्याळचा आलुबोंडा त्या वेळी खरंच चांगला असायचा, गरम, आत भरपूर हिरवी मिरची. पण मी तो हातात धरून रस्त्याकडे बघत होते. रामदास मात्र एकावर एक मागवत होता आणि हॉटेलवाल्याशी नदीवर धरण होणार की नाही यावर वाद घालत होता.

"अहो, चला ना. शाळा सुटन."

"काहून घाई करून राहिली? शाळा काय पळून जाते?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उशीर होत नव्हता, उशीर केला जात होता. शाळा सुटली की हुकूम रद्द, याला तोंडाने नाही म्हणायचीही गरज नाही. सुंठीवाचून खोकला जाणार! माझं डोकं असं तापलं की हातातला आलुबोंडा मी तसाच टेबलावर आपटला.

अड्याळ सोडलं आणि समोर धानाच्या बैलगाड्या आडव्या आल्या. रामदास चौथ्या गिअरमध्ये होता. जीपच्या सवयीने तसाच ब्रेक दाबत थांबला, गाडी आचके देऊन बंद पडली. मग दांडीवर पाय आपटत बसला. गाडी उभी असताना आतली चाकं फिरत नाहीत, दाते जुळत नाहीत, गिअर उतरत नाहीत. गाडी पुढेमागे हलवत एकेक उतरवावा लागतो. हे रोजचंच होतं. रोज मी गप्प बसत असे.

"थांबायच्या आधीच एकेक खाली घ्यायचा असते," मी म्हटलं. "जीप नोहे ते."

बैलगाडीवरच्या दोन बाया फिसकन हसल्या. रामदासचा चेहरा लाल झाला.

"तू मले शिकवून राहिली? मले? एवढं समजते तं चालव ना मंग!"

तो उतरला, गाडी स्टँडवर लावली आणि बाभळीखाली जाऊन बिडी पेटवली. माझ्या आयुष्यात मला कुणी इतकी स्पष्ट परवानगी दिली नव्हती.

धानाच्या रोवणीला चिखलात उतरताना बाया मारतात तसा मी कासोटा मारला. सायकल मला लहानपणापासून येत होती. क्लच डाव्या हाताला, वेग उजव्या, हे मी त्याच्या खांद्यावरून रोज पाहत होते. गाडी हलवत एकेक गिअर उतरवला, न्यूट्रल धरला, किक मारली. पहिल्या खेपेला बंद पडली. बाभळीखालून हसू आलं. दुसऱ्या खेपेला बोटांनी पहिला टाकला, क्लच हळू सोडला आणि निघाले. टाच, दुसरा. टाच, तिसरा. मागून तो ओरडत होता, "अवं थांब! थांब ना!" मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. टाच, चौथा. धानाच्या बांध्या दोन्ही बाजूंनी मागे पळत होत्या आणि मी मोठमोठ्याने शिव्या देत होते. कोणत्या ते लिहीत नाही, मी शिक्षिका होते.

मग पुढे म्हशींचा कळप आला आणि लक्षात आलं, आपण ब्रेकबद्दल विचारच केला नाही. हाताची तार तुटलेली. पायाचा ब्रेक उजवीकडे, आणि उजवी बाजू मी कधी पाहिलीच नव्हती. मी पाय चाचपडला, कुठे काय लागेना, खाली बघावं तर हँडल हलतं. मला जे येत होतं तेच केलं. वेग सोडला, बोटांनी तिसरा. इंजिनने गाडी मागे ओढली. दुसरा. पहिला. गाडी चालत्या माणसाइतकी हळू झाली, क्लच दाबला, दोन्ही चपला घासत म्हशीच्या शेपटाशी थांबले. पवनीपर्यंत आणि पवनीपुढे बोडीच्या पाळीवर मी अशीच गेले, पायऱ्या चढत आणि उतरत. शाळेसमोर थांबले तेव्हा हेडमास्तर घंटेचा हातोडा हातात घेऊन उभे होते.

"सर, जयभीम. मी हजर झाले," मी म्हटलं.

"हाव बाई, दिसून राहिलं. पहिले पाणी प्या," ते म्हणाले, आणि सही घेऊन मगच घंटा वाजवली.

संध्याकाळी रामदास एसटीने मावशीकडे पोचला. किल्ली मागितली. किल्ली माझ्या कनवटीला होती आणि तिथेच राहिली. मावशीने त्याला जेवू घातलं, भाजीत मीठ जरा जास्तच होतं. सकाळी तो एसटीने परत गेला आणि शनिवारी मी मोटारसायकलने भंडाऱ्याला घरी आले. वाटेत अड्याळला थांबले, एकटीने दोन आलुबोंडे खाल्ले. स्तूपाचे अवशेष, परकोट, घाट हे सगळं पुढे शाळा सुटल्यावर एकेका संध्याकाळी पाहिलं, तुम्हीही पाहा.

त्या शाळेत मी कितीतरी वर्षं होते. रामदास वाईट माणूस नाही, असं सगळे म्हणतात, मीही म्हणते. पण माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमात तो माईकवर उभा राहिला आणि म्हणाला, "हिले गाडी मीच शिकवलो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी स्टेजवर नारळ आणि शाल सांभाळत बसले होते, नाहीतर उठले असते.

परवा नात टीव्हीवर शर्यत लावून बसली होती. मला कौतुकाने सांगत होती, आजी, या गाड्यांचा गिअर बघ, एका वेळी एकच पायरी, म्हणून घाईत चुकीचा गिअर पडत नाही, आता रस्त्यावरच्या काही गाड्यांतही स्टिअरिंगमागच्या पट्टीने तसंच करतात. मी म्हटलं, माहीत आहे मला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत खुर्चीतून रामदास म्हणाला, "तुया आजीले गिअर मीच शिकवलो."

म्हणून हे सगळं लिहिलं. शिकवलं म्हणे! ब्रेक उजवीकडे असतो, एवढं तरी सांगायचं होतं.