देशमुखांच्या मोटारीचं कुंकू

आमचा बाळू आज सकाळी गेला.

खरं तर तो तीन वर्षांचा असतानाच जायचा होता. मोटार चालू होईना म्हणून.

मी त्याची आक्का. नव्वदीला टेकले. नात टाइप करून राहिली, मी सांगून राहिले. तिला बजावलंय, माझी भाषा सुधारायची न्हाई.

जर्मनची लढाई नुकती संपली होती. आमच्याकडं निजामाचं राज्य. आमी कुरुंद्याला राहायचो. दसरा होऊन आठ-दहा दिवस झालते, अन् बाळूला घटसर्प झाला.

घसा आतून बंद होत चालला. श्वास घेताना घर्र घर्र आवाज. शेजारचं लेकरू त्याच दुखण्यानं त्याच आठवड्यात गेलतं, त्यामुळं आईला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याचं इंजेक्शन हिंगोलीला. बैलगाडीनं निघालो तर पोचेस्तोवर लेकरू राहतंय का, हाच प्रश्न.

गावात मोटार एकच, देशमुखांची. तात्या, म्हणजे आमचे वडील, पळत त्यांच्याकडं गेले. देशमुख लगेच म्हणले, "न्या की. विचारता काय?"

माणूस चांगला. मोटार मातर बेईमान.

मागच्या सीटवर मी, मांडीवर बाळू, शेजारी आई. बशीरचाचा त्यांचे ड्रायव्हर. त्यांनी पुढून हँडल मारलं. इंजिन खोकललं, जरा वेळ फुरफुरलं, अन् बसलं.

परत हँडल. परत तेच.

इंजिन चालू असलं की मला बाळूचा श्वास ऐकू यायचा न्हाई, मंग जीव घाबरायचा.

इंजिन बंद पडलं की श्वास ऐकू यायचा, अन् त्यानं आणखीच घाबरायचा.

चाचांनी प्लग काढले, पुसले, देशमुखांच्या चुलीवर तापवून आणले. बसवले. फुरफुर, बंद.

गड्यांनी धक्का मारला. पार वेशीपर्यंत. फुरफुर, बंद. सगळी आळी मागं मागं चालत आली, देशमुखीणकाकूसुद्धा.

बघे तर काय, जमलेच. कुणी म्हणे बॅटरी उतरली. कुणी चाकाखाली लिंबू ठेवलं. ज्याला सायकल येत न्हाई तो बी सल्ला देऊन राहिला.

शेवटी चाचांनी खालची पेट्रोलची नळी सोडून बघितली. पेट्रोल थेंब थेंब.

"टंकी भरी है," ते म्हणले. "काटा भरलेला दाखवून राहिला. मंग खाली काहून येईना?"

अन् त्यांची नजर टाकीच्या झाकणावर गेली.

त्या मोटारीची टाकी पुढं, काचेसमोर. झाकण बराबर मधोमध, कपाळावर टिकली लावायच्या जागी. दसऱ्याला देशमुखीणकाकूंनी मोटारीची पूजा केलती. गावच हळदीचं, हात आखडता कशाला घेतील? कालवलेली हळद, कुंकू, अक्षता, सगळं त्या झाकणावर थापलेलं. वाळून दगड झालतं.

झाकणाला हवेचं बारीक छिद्र असतं म्हणे. ते बुजलं. घासलेटच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल कसं अडून अडून येतं, तसंच झालं.

चाचा फडकं घेऊन पुढं झाले. काकू आडव्या आल्या.

"पूजेचं कुंकू हाय ते. दिवाळीपर्यंत पुसत न्हाईत. अन् आज तर आजारी लेकरू बसलंय आत. कुंकू काय पुसता?"

कुंकू पुसणं म्हणजे काय, ते आमच्याकडं कुणाला सांगावं लागत न्हाई.

चाचा थांबले. ते मुसलमान, पूजेच्या गोष्टीत बोलायची त्यांना चोरी. तात्या देशमुखांच्या उपकाराखाली, मान खाली घालून उभे. मला वाटलं, आता हे असेच उभे राहतील अन् बाळू माझ्या मांडीवर जाईल.

आई खाली उतरली.

माझी आई चारचौघात कधी तोंड उघडायची न्हाई. तिनं पदर सावरला, अंबाड्यातला आकडा काढला अन् झाकण खरवडायला लागली.

"अगं, पुसती काय?" काकू म्हणल्या.

"पुसत न्हाई, काकू. लेकराला लावते."

अन् खरंच, खरवडलेलं सगळं हळदकुंकू तळहातावर घेतलं अन् बाळूच्या कपाळाला फासलं. पोरगं भुवयांपर्यंत लाल-पिवळं. मंग परत जाऊन आकड्याच्या टोकानं छिद्रात अडकलेला तांदळाचा दाणा काढला.

काकू बाजूला सरल्या. मंग त्याच म्हणल्या, "बशीर, मार आता हँडल."

या खेपेला इंजिन बसलं न्हाई.

हिंगोलीपर्यंत मी बाळूच्या नाकाखाली बोट धरून बसले. त्या आवाजात दुसरा इलाज नव्हता. मधी एकदा बोटाला काहीच लागेना, तर मी त्याला चिमटा काढला. रडला. इतकं बरं वाटलं की मी बी रडले.

डॉक्टरांनी ते कपाळ बघून कपाळाला हात लावला, पण इंजेक्शन दिलं.

बाळू जगला. मास्तर झाला, नातवंडं-पतवंडं बघितली. परवाच फोनवर भांडला माझ्याशी, पाठवलेल्या लोणच्यात मीठ जास्त झालं म्हणून. मी बी म्हणलं, मंग खाऊ नको.

आज दुपारी त्याच्या दारात वैकुंठरथ आला. पोरांनी त्याला उचलून आत ठेवलं. मी ओट्यावर खुर्चीत. ड्रायव्हर किल्ली फिरवायला वाकला, अन् मी मनात म्हणलं, नको चालू होऊ ग बाई. थोडा वेळ तरी.

एका झटक्यात चालू झाली मेली.

श्रद्धांजली मोठ्यांना वाहतात. तू माझा धाकटा, तुला मी काय वाहू?

सावकाश जा, बाळू.