तलावाच्या पाळीवरची मोजणी

बाबांना लकवा मारला तेव्हा मी घुग्घुसला, माझ्या घरी, कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत बसले होते. आत्याचा फोन आला. "तुह्या बाबाचं तोंड वाकडं झालं वो पोरी. काही बोलूनच नाई राह्यला," एवढं म्हणाली आणि रडायलाच लागली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आई गेल्यापासून शेजारच्या घरातून तीच बाबांना दोन वेळचा भात पाठवत होती.

नवरा नुकताच खाणीतून पाळी करून आला होता, अंगावर कोळशाची धूळ तशीच. मी पिशवी भरताना त्यानं विचारलं, "किती दिवस लागन?"

"मालूम नाई. पन ते उभे झाल्याबिगर मी येत नाई."

बोलून गेले खरी. लकवा म्हणजे नेमकं काय, हे तेव्हा मला ठाऊकसुद्धा नव्हतं.

चंद्रपूर, मूल, सावली, मग वैनगंगेचा पूल आणि गडचिरोली. दवाखान्यात बाबा खाटेवर पडले होते. उजवा हात पोटावर असा पडला होता, जणू दुसऱ्या कुणीतरी विसरून ठेवलेला. मी हाक मारली. त्यांनी पाहिलं, ओठ जुळवले, मानेच्या शिरा ताणल्या आणि म्हणाले, "नाई."

पाणी हवं का? नाई. बसवू का? नाई. मले ओळखलं ना बाबा? "नाई," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन समजावलं. "त्यांना सगळं कळतं. शब्द सापडत नाहीत. काहीही सांगायचं असलं तरी सध्या तो एकच शब्द बाहेर येईल. हातपाय रोज हलवून घ्या, गोळी एकही दिवस चुकवू नका आणि त्यांच्याशी बोलत राहा." तिथल्या एका ताईंनी मला व्यायाम दाखवले. मुठीची बोटं एकेक करून कशी उघडायची, उठवताना आपला गुडघा त्यांच्या गुडघ्याला कसा लावायचा, सगळं. मी त्यांच्यासमोर ते सगळं पुन्हा पुन्हा करून दाखवलं, चुकलं की परत विचारलं. गावात विचारायला कुणी नव्हतं.

काही दिवसांनी बाबांना गावच्या घरी आणलं. आम्ही ढिवर, मासे धरणारे. बाबांचं सगळं आयुष्य गावच्या तलावात गेलेलं. डोंग्यात, लहानशा होडीत, उभं राहून जाळं फेकणारा माणूस आता चमचा धरू शकत नव्हता. डाव्या हाताने घास घेताना अर्धा भात अंगावर सांडायचा. एकदा त्यांनी ताटच भिरकावलं. वरण भिंतीवर उडालं. आत्या दारातून पाहत होती.

मी भिंत पुसली, दुसरं ताट वाढलं आणि समोर बसले.

"राग काढा बाबा. पन जेवा."

त्यांनी डाव्या हाताने ताट जवळ ओढलं. मग जेवले.

आत्याचं आणि माझं खरं भांडण झालं ते वैदूवरून. नदीपलीकडे कुणी लकव्याचं औषध देतो, गावातली दोन माणसं त्याच्या हातून बरी झाली, असं तिच्या मनाने घेतलं होतं. पण त्याची अट होती, दवाखान्याच्या गोळ्या बंद करायच्या.

"गोळ्या बंद नाई होनार," मी म्हटलं.

"तू काऊन एवढी अडून राह्यली? माहा भाऊ हाये तो!"

"माहा बाप हाये, आत्या. पुन्हा झटका आला त कोनाले जाब विचारू?"

ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एका सकाळी तिळाच्या तेलाची वाटी घेऊन आली आणि बाबांचा पाय चोळायला बसली. तेव्हापासून पाय तिचा आणि हात माझा, अशी वाटणीच झाली.

महिना उलटला तशी घुग्घुसची गिऱ्हाइकं फोन करू लागली. नवऱ्याने काही न सांगता एके रविवारी माझं शिलाई मशीन गाडीला बांधून आणलं. अंगणात उतरवून म्हणाला, "इथीच शिव आता." तो स्वतःचा डबा स्वतःच करत होता. भात करपतो, हे त्याने कबूल केलं नाही, पण आत्याच्या हातचं तो जेवला ते पाहून मला कळलं.

पाय हळूहळू वळणावर आला. भिंत धरून, मग काठी धरून बाबा अंगणाच्या टोकापर्यंत जाऊ लागले. तोंडातून मात्र तोच शब्द. मी भांडी, झाडं, माणसं दाखवून नावं म्हणायची. ते घामाघूम व्हायचे. कधीकधी मीच मशीनवर डोकं टेकून बसायची आणि मग उठून पुन्हा सुरू करायची.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं आणि गावच्या मच्छीमार संस्थेची मोठी मासेमारी निघाली. बाबा पहाटेपासून दाराकडे बोट दाखवत होते. ऊन लागेल म्हणून आत्या नको म्हणत होती. मी त्यांच्या डोक्याला दुपट्टा बांधला, सुट्टीला आलेल्या नवऱ्याला त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसवलं, बाबांना मध्ये घेतलं आणि गाडी तलावाच्या पाळीवर, बांधावर नेली.

जाळं ओढून झालं. पळसाच्या सावलीत ढीग पडले आणि वाटण्या सुरू झाल्या. आमच्याकडे मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. बाबांच्या बरोबरीचे एक काका चढ्या सुरात मोजू लागले, "लाभ... दोन... तीन..."

माझ्या खांद्याजवळून दुसरा आवाज आला. घोगरा, अडखळता, पण त्याच सुरात. "च्यार... पाच... सा..."

काका थांबले. सगळेच थांबले. बाबा थांबले नाहीत. काकांनी पटकन पुढचा रोहू उचलला, मग कतला, आणि बाबा मोजत गेले. मोजायला मासे उरले नाहीत तेव्हा काकांनी मोजलेलेच मासे परत टोपलीतून काढून ढिगात टाकले. कुणी हसलं नाही. मी पाळीवर बसून रडले आणि तिथल्या तिथे ठरवलं की आता ह्याच वाटेने जायचं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, पाठ असलेलं आधी परत येतं, त्याचाच हात धरून पुढे चला. मग आम्ही पावलं मोजली, भेंडी चिरताना फोडी मोजल्या, वार म्हटले, महिने म्हटले. सोमवारनंतर मंगळवार आपोआप यायचा, मी मध्येच थांबवून विचारायची, "आज कोनता?" एका बुधवारी ते बरोबर "बुधवार" म्हणाले आणि स्वतःच दचकले.

सगळं परत आलं नाही. उजव्या हाताने जाळं फेकणं संपलं. लांब वाक्य सुरू केलं की मध्येच हरवतात आणि चिडतात. पण संस्थेच्या बैठकीला जातात, आत्याशी भांडतात, गोळ्या स्वतः मागून घेतात.

मी परत निघायचं नाव काढत नव्हते. धान रोवणीचे दिवस आले होते. एके दुपारी मी मशीनवर असताना बाबा समोर येऊन उभे राहिले. काठी न घेता. माझ्या हातातलं कापड त्यांनी डाव्या हाताने बाजूला केलं.

"घरी... जा," ते म्हणाले. थांबले, शब्द शोधला. "जावई... वाळला."

आत्या स्वयंपाकघरातून मोठ्याने हसली. मी मशीनला झाकण लावलं.

आता दर महिन्याला तपासणीच्या आदल्या दिवशी मी गावी जाते आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बसने गडचिरोलीला जातो. खिडकीची जागा ते मला देत नाहीत.