सशाचा कोपरा

"थांबा बाई, टाकू नगा. बघू द्या आदी."

आप्पांच्या तोंडून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणतीच नाही. केरभरणी घेऊन मी दाराबाहेर पडले रे पडले, की समोरच्या दारातून त्यांचा हात पुढे यायचा. मग ते उकिडवे बसणार, माझ्या घरचा केर बोटानं चाळणार, बोटाचं टोक उजेडात धरून बघणार आणि शेवटी निकाल देणार, "काय न्हाई. टाका आता." माझ्या केरात काय असायचं? चार केस नि शेंगांची टरफलं. मला राग यायचा. पण एकदा त्यांनी त्याच केरातून माझ्या कुड्यांची हरवलेली फिरकी काढून हातावर ठेवली, तेव्हापासून माझी बोलती बंद झाली.

आप्पा मूळचे विट्याकडचे. चाळीस वर्षं मदुरैला त्यांचं गलाईचं दुकान होतं. सोनारांच्या दुकानातला केर आणायचा, जाळायचा, धुवायचा आणि त्यातून सोन्याचे बारीक कण वेगळे काढायचे, असं ते काम. जन्मभर केरातून सोनं काढलेल्या माणसाला केर हा केर वाटत नाही, हे तुम्हीही मान्य कराल. म्हातारपणी दुकान मुलाच्या हवाली करून ते आणि काकू सांगलीत विश्रामबागेत आमच्या समोर राहायला आले. मी शाळेतून निवृत्त झालेली, म्हणून त्यांची 'बाई'.

त्यांच्या घरी ससा आला तो नातीमुळे. मे महिन्याच्या सुट्टीत ती मदुरैहून आली, हट्ट करून तिनं ससा घ्यायला लावला आणि शाळा सुरू व्हायच्या वेळी ससा आजोबांच्या मांडीवर ठेवून निघून गेली. पांढरा, एक कान काळा. आप्पा त्याला नुसतं 'गड्या' म्हणत.

दिसायला गोजिरवाणा, पण वळण म्हणून कसलं नाही. दिवाणाखाली लेंड्या, टीव्हीखाली लेंड्या, पायपुसण्यावर तळं. काकूंचं घर म्हणजे फरशीत तोंड बघून घ्यावं असं. त्या दिवसभर फडकं घेऊन सशाच्या मागे, आणि आप्पा केरसुणी घेऊन काकूंच्या मागे. मी उघडउघड काकूंच्या पक्षात होते.

एका सकाळी काकू सशाच्या ओल्यावरून घसरल्या. मोडलं काही नाही, मनगट तेवढं सुजलं. मी तेल चोळत होते आणि आप्पा चोरासारखे दारात उभे होते. काकूंनी त्यांच्याकडे न बघता सांगून टाकलं, "गणपती बसायच्या आदी त्येला एका जागी बसायला शिकवा. न्हाईतर माज्या भावाच्या मळ्यात सोडून येनार. देवाम्होरं लेंड्या मला चालायच्या न्हाईत."

"मळ्यात दोन कुत्री हायती गं."

"मला ठावं हाय."

गणपतीला दोन महिने होते. भावाच्या मळ्यात ससा दोन दिवसही टिकला नसता, याबद्दल आमच्या तिघांच्याही मनात शंका नव्हती.

दुसऱ्याच दिवशी आप्पांनी एक पसरट प्लास्टिकचा टब आणला. त्यात वर्तमानपत्राचे तुकडे घातले, सशाला उचलून आत ठेवलं आणि समोर मांडी घालून बसले. "बस गड्या. कर." सशानं मागच्या पायांनी सगळा कागद त्यांच्या अंगावर उडवला, टबातून उडी मारली आणि त्यांच्या देखत टीव्हीखाली काम उरकलं. आप्पा उठले, फडक्यानं पुसून घेतलं, वर फिनेल मारलं. टब घासूनपुसून पुन्हा जागेवर ठेवला. असं दिवसातून सहा वेळा.

ते एकदाही त्याच्यावर ओरडले नाहीत. काकूंना त्याचंच नवल वाटायचं. स्वयंपाकघरातून त्यांचा टोला यायचा, "दोन पोरांचं मुताडं मी एकटीनं काढलं, बाई. एक सासू, एक म्हस आन दोन पोरं. तवा ह्ये मदुरैला सोनं धुत हुते. दिवाळीला यायचे, पोरांस्नी नवी कापडं घालून बघायचे आन जायचे."

आप्पा हसायचे. पण एका दुपारी काकू बाजारात गेलेल्या असताना ते मला म्हणाले, "बाई, ती बोलती त्ये खोटं न्हाई. माजी पोरं कवा चालली, कवा बोलली, मला काय बी म्हाईत न्हाई. ह्यो पयलाच हाय, माज्या डोळ्याम्होरं." असं म्हणून त्यांनी सशाच्या काळ्या कानावरून हात फिरवला.

तीन आठवडे झाले. सशाची प्रगती शून्य. आणि एक दिवस मी त्यांच्या खिडकीत कागदाच्या पुड्यांची रांग पाहिली. प्रत्येक पुडीवर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. 'दिवान, सोमवार.' 'टीवी, सोमवार.' 'मशीन, मंगळवार.' मी एक पुडी उघडली आणि किंचाळले.

"मिसळू नगा!" आप्पा धावले. "गलाईत प्रत्येक खोलीचा केर येगळा ठेवत्यात. म्हंजे कुटं किती पडतंय त्ये कळतंय."

घरात लेंड्यांच्या पुड्या साठवणारा माणूस माझ्या समोर राहतो, हे मी त्या दिवशी बहिणीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "ताई, तुला करमतं तरी." खरं होतं.

पुड्यांनी आपलं काम केलं. सगळ्यात जास्त माल निघत होता तो काकूंच्या शिलाई मशीनमागच्या कोपऱ्यातून. आप्पांनी टब तिथंच पुढ्यात नेऊन ठेवला. ससा टबाला वळसा घालून मागच्या कोपऱ्यात जायला लागला. आप्पा दोन दिवस डोकं धरून बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं, नव्हे बडवलं.

"बाई, सापडलं! मशीनच्या मागं मला शिरता येत न्हाई. केरसुणीनं लेंड्या येत्यात, पन फडक्याचा हात पोचत न्हाई. आन ह्यो तितंच जातोय!"

मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या धंद्यात जमिनीवर एक कण राहिला तरी तो गुन्हा. म्हणून सशानं कुठंही केलं की ते जागा आणि टब दोन्ही लख्ख करत होते. वासच राहत नव्हता, मग सशाला आपली जागा कळणार कशी? वास राहिला होता तो फक्त जिथं त्यांचा हात पोचत नव्हता तिथं. चाळीस वर्षांचा चोखपणाच आडवा आला होता.

"आता टब धुवायचा न्हाई," आप्पा म्हणाले. "निम्मा कागूद बदलायचा आन चार लेंड्या मागं ठेवायच्या. ठेवायच्याच."

हे काकूंना सांगायचं धाडस मात्र त्यांना होईना. शेवटी मशीनपाशी उभं राहून त्यांनी विचारलं, आणि विचारलं ते भलतंच. "तू पोरांस्नी कसं गं शिकवलंस?"

काकू पोळी लाटायच्या थांबल्या. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती आणि हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच विचारला जात होता. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. "रोज एकाच जागी न्ह्यायचं. जागा बदलली की पोर बसत न्हाई. आन खाल्ल्याबरुबर न्ह्यायचं. खातखातच करत्यात ती." मग त्यांनी मशीनकडे एकदा बघितलं, पदर खोचला आणि दुखऱ्या मनगटानंच मशीन खिडकीकडे ढकलायला लागल्या. मी नि आप्पांनी हात लावला. कोपरा मोकळा झाला, टब भिंतीला नीट टेकला. टबाच्या एका टोकाला वाळलेल्या गवताची मूठ आणि दुसऱ्या टोकाला चार लेंड्या. ससा आला, त्यानं हुंगलं, आत चढला आणि गवत खाता खाता बसला. आप्पांनी माझा हात असा आवळला की बांगडी पिचली.

त्यानंतर पुड्या कमी होत गेल्या. दिवाणाखालचं बंद झालं, मग टीव्हीखालचं. आप्पा रोज जिन्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बातमी देत. "आज भाईर फक्त दोन!" खालच्या मजल्यावरचे लोक आधी हसायचे, मग स्वतःहून विचारायला लागले.

आणि हे सगळं मातीत घातलं ते मी. गणपतीच्या दोन दिवस आधी काकूंना साफसफाईला मदत करायला गेले होते. आप्पा बाजारात, काकू स्वयंपाकघरात. हॉल पुसला, पडदे लावले आणि तो कळकट टब दिसला. देवाच्या घरात हे असलं काय, म्हणून आप्पांची ताकीद साफ विसरून चांगुलपणानं उचलला, फिनेल घालून घासला आणि उन्हात वाळवून जागेवर ठेवला. संध्याकाळी ससा टबापाशी गेला, शिंकला आणि वळून थेट सजवलेल्या चौरंगाच्या पुढ्यात जाऊन बसला. काकूंच्या नव्या सतरंजीवर.

काकूंचा चेहरा बघवेना. माझा तर रडवेला झाला होता. "आप्पा, मी घालवलं हो सगळं."

आप्पा रागावतील असं वाटलं होतं. ते खिडकीपाशी गेले, उरलेल्या पुड्यांमधून एक निवडली आणि मला दाखवली. 'मशीन, शनिवार.' "म्हनून केर टाकायचा नसतोय, बाई," एवढंच म्हणाले. ती पुडी त्यांनी टबात रिकामी केली, सतरंजीवरचं ओलं कागदानं टिपून तो कागदही आत ठेवला आणि पुढचे दोन दिवस प्रत्येक खाण्याला सशाला स्वतः तिथं नेऊन बसवलं.

आप्पा जाऊन आता दोन वर्षं झाली. काकू मुलाकडे मदुरैला असतात, ससाही तिकडेच आहे. समोरच्या दाराला कुलूप आहे आणि माझा केर मी सरळ डब्यात टाकते. मला करमत नाही. पण आप्पा आठवले की मला तो गणपतीचा दिवसच आठवतो.

हॉलमध्ये सगळी इमारत जमली होती. आरती सुरू झाली, झांजा घुमल्या आणि ससा घाबरून दिवाणाखाली गेला. म्हटलं, आता काय खरं नाही. आरती संपली, मंत्रपुष्प झालं. काकू हातात तबक घेऊन उभ्या होत्या, डोळे दिवाणाकडे. ससा बाहेर आला. एवढ्या पायांच्या गर्दीत तो चौरंगापुढे येऊन थांबला, सतरंजी हुंगली. आप्पांनी डोळे मिटून घेतले.

मग ससा वळला. लोक बाजूला झाले. माझ्या पायाला घासून तो कोपऱ्यात गेला, टबात चढला, एक काडी तोंडात धरली आणि निवांत बसला. कुणीतरी "मोरया!" ओरडलं, नि टाळ्या! एवढ्या टाळ्या मी शाळेच्या स्नेहसंमेलनातही ऐकल्या नव्हत्या. आप्पा डोळे उघडायला तयार नव्हते. काकूंनी त्यांच्या हातावर मोदक ठेवला आणि म्हणाल्या, "उगडा डोळं. शिकलं तुमचं पोर. ऱ्हातंय आता हितंच."

लोक पांगल्यावर आप्पांनी मुलाला स्पीकरवर फोन लावला. मी शेजारीच प्रसादाचं खोबरं चिरत बसले होते, म्हणून ऐकलं.

"आरं, तू केवढा हुतास रं, शिकलास तवा?"

"काय शिकलो, आप्पा?"

स्वयंपाकघरातून काकूंनीच उत्तर दिलं, "दीड वर्साचा."

"दीड वर्साचा हुतास म्हनं," आप्पा फोनमध्ये म्हणाले. "लय लवकर शिकलास रं पोरा. मी न्हवतो बघायला. पन लय लवकर शिकलास."

तिकडून मुलगा म्हणाला, "आप्पा, ठिवू नगा फोन."